पन्नास मिनिटांतली सहा मिनिटं

या प्रकरणात आपण एक छोटी फिल्म करणार आहोत. विषय घरातलाच आहे. गणेश चतुर्थीच्या सकाळी आजी उकडीचे मोदक करते आहे. नातीने फोनवर पन्नासेक मिनिटं चित्रण केलंय, मामाने त्याच्या फोनवर अधूनमधून केलंय, आणि आत्याने घेतलेल्या दोन क्लिप्स व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या आहेत. यातून सहा मिनिटांची फिल्म काढायची. घरातल्यांनी ती शेवटपर्यंत बघावी, आणि पुढे कधी आजी हाताशी नसताना ती बघून एखाद्याला उकड काढता यावी, एवढीच अपेक्षा.

पहिल्याच खेपेला लग्नाच्या किंवा मुंजीच्या चित्रणाला हात घालू नका. तिथे माणसं खूप, क्लिप्स ढीगभर, आणि अमुक काका दिसलेच पाहिजेत हा धाक वेगळा. मोदकांचं तसं नाही. पाणी उकळतं, पिठी पडते, उकड निघते, पारी होते, कळ्या पडतात, मोदक वाफवायला जातात. क्रम कामानेच ठरवून दिलेला असतो, त्यामुळे नवशिक्याला सगळं लक्ष कापण्या-जोडण्याकडे देता येतं. हाताचं असं कुठलंही काम चालेल: चकल्या पाडणं, मूर्तीचे डोळे रंगवणं, गोधडी शिवणं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. घरच्या फिल्ममध्ये आवाज चित्रापेक्षा मोलाचा असतो. फोटो प्रत्येक घरात भरपूर असतात. पण आजी बोलायची कशी, ‘हं, आता पुरे’ म्हणताना तिचा सूर कुठे खाली यायचा, हे कुठल्याही अल्बममध्ये सापडत नाही. आणि नेमकं तेच आपण घालवतो. चित्रण संगणकावर घेतो, वर सिनेमातलं एखादं गाणं अंथरतो, आणि आजी मुक्याने ओठ हलवत राहते. असे व्हिडिओ मी खूप पाहिलेत, आणि दर वेळी हळहळ वाटते.

फाइल्स गोळा करताना

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप ही मूळ क्लिप नसते. पाठवताना तिचा आकार लहान केला जातो आणि बारीक तपशील कायमचे जातात. आत्याला सांगा, तीच क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठव. मग ती जशीच्या तशी येते. २ जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपने ठेवलेल्या फाइलच्या नावात जी तारीख असते, ती क्लिप तुमच्या फोनवर पोचल्याची असते. चित्रण कधी झालं ते त्यावरून कळत नाही. त्या तारखेवर विसंबून क्लिप्स लावल्या तर वाफवलेले मोदक उकडीच्या आधी येतील.

सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यात मूळ चित्रण, वेगळा टिपलेला आवाज, अक्षरांच्या पाट्या आणि तयार फिल्म असे कप्पे करा. ही नुसती टापटीप नाही, तिच्यामागे तांत्रिक कारण आहे. संकलनाचं सॉफ्टवेअर सहसा तुमचे व्हिडिओ स्वतःच्या पोटात घेत नाही. त्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त पत्ते असतात: अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप, अमक्या सेकंदापासून तमक्या सेकंदापर्यंत. म्हणून ती फाइल अगदी छोटी असते, आणि म्हणूनच मधेच फोल्डरचं नाव बदललं की पडदा रिकामा होतो आणि ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो. याचा मोठा फायदाही आहे. तुम्ही कितीही कापलंत तरी मूळ क्लिपला धक्का लागत नाही, बदलतात ते फक्त पत्ते. तेव्हा कापताना हात आखडू नका.

संगणक का अडखळतो

नवीन माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. फोनवर सुरळीत चालणारी क्लिप संकलन करताना लॅपटॉपवर धक्के खात चालते. असं का होतं ते थोडं हिशोबानं बघू.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एक चौकट ६२ लाख बाइटची झाली. सेकंदाला अशा ३० चौकटी, म्हणजे मिनिटाला ११ जीबीच्या वर. आणि आयफोन तेच एक मिनिट जुन्या पद्धतीने सुमारे १३० एमबीत आणि नव्या पद्धतीने ६० एमबीत बसवतो. जुनी पद्धत म्हणजे २००३ मध्ये आलेलं एच.२६४ आणि नवी म्हणजे २०१३ मधलं एच.२६५. दोन्हींचं तत्त्व एकच: अधूनमधून एक चौकट पूर्ण लिहायची आणि मधल्या चौकटींसाठी फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. मागची भिंत, ओटा, डब्यांची मांडणी हलत नाही, तर ती पुन्हा पुन्हा कशाला लिहायची?

नुसतं बघताना ही बचत फार कामाची, पण संकलन करताना जाचक. तुम्ही क्लिपच्या मधल्याच एखाद्या चौकटीवर गेलात की ती दाखवायला संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तिथपासून सगळे बदल मांडत यावं लागतं. तुम्ही पुढेमागे करत राहता, तो प्रत्येक वेळी ही मजुरी करत राहतो. उपाय म्हणजे ‘प्रॉक्सी’. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी, कमी तपशिलाची प्रत बनवतं, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि शेवटी फिल्म तयार होताना मूळ क्लिप वापरली जाते. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे एका बटणावर होतं. लॅपटॉप जुना असला तर पहिल्या दिवसापासून प्रॉक्सी चालू ठेवा. ८ जीबी रॅममध्ये काम भागतं, १६ असली तर सुख आहे, आणि चित्रण एसएसडीवर असलं तर फरक लगेच जाणवतो.

फोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असावी. फोन सेकंदाला ३० चौकटी म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला की गुपचूप कमी चौकटी टिपतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हे नेहमीच होतं. मग लांबलचक क्लिपमध्ये, विशेषतः आवाज वेगळा टिपला असेल तर, ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही संकलनाची सॉफ्टवेअर अशी क्लिप घेताना सूचना देतात आणि तिची स्थिर गतीची प्रत करून देऊ का असं विचारतात. बिनदिक्कत हो म्हणा.

दिव्याची लुकलुक हाही आपल्याकडचा त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. फोन ३० चौकटी टिपत असेल तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि चित्रावर पट्टे फिरताना दिसतात. आपल्या टीव्हीची ‘पाल’ पद्धत सेकंदाला २५ चौकटींची आहे, तिचा मेळ याच ५० हर्ट्झशी आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल पद्धतीचे पर्याय दाखवण्याची सोय असते, ती चालू केली की २५ चौकटी निवडता येतात. इतर फोनवर शटरचा वेग हाताने ठरवता आला तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवा. नाहीतर सरळ खिडकी उघडा आणि दिवा बंद करा. सकाळच्या उजेडात मोदक छानच दिसतात.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, यावर लोक आठवडे घालवतात. तेवढा वेळ त्याला देऊ नका. विंडोजवर एकेकाळी मूव्ही मेकर असायचं. ते २००० मध्ये विंडोज मिलेनियमबरोबर आलं आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलं. त्या नावाने आजही डाउनलोड देऊ करणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं, मॅकवर आयमूव्ही. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती व्यावसायिक तोडीची आहे, पण तिला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. साध्या लॅपटॉपसाठी मी शॉटकट सुचवते. ते मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि वॉटरमार्क न टाकता पूर्ण फिल्म देतं. केडेनलाइव्हही त्याच एमएलटी नावाच्या इंजिनावर उभं आहे, त्यामुळे एक आलं की दुसरं अवघड जात नाही.

शॉटकटमध्ये पहिल्याच पायरीला एक खड्डा आहे. व्हिडिओ मोड ‘ऑटोमॅटिक’वर ठेवला तर तुम्ही आणलेल्या पहिल्या क्लिपवरून अख्ख्या फिल्मचा आकार ठरतो. पहिली क्लिप आत्याने उभा फोन धरून घेतलेली निघाली, तर फिल्मही उभी होऊन बसते. म्हणून आधी स्वतः फुल एचडी, आडवा आकार निवडा आणि चौकटींचा वेग तुमच्या बहुतेक क्लिप्सचा असेल तोच ठेवा.

कापण्याआधी

पन्नास मिनिटं दोनदा बघायची. एकदा नेहमीसारखी, हातात वही घेऊन: कितव्या मिनिटाला काय झालं, कोण काय म्हणालं. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसती ऐकायची. दुसऱ्या खेपेला जे वाक्य ऐकताना तुम्हाला हसू आलं किंवा घसा दाटला, त्यापुढे खूण करा. फिल्मचा कणा त्या खुणांतून निघतो.

वॉल्टर मर्च हे हॉलिवूडचे मोठे संकलक. ‘द इंग्लिश पेशंट’साठी १९९७ मध्ये त्यांना संकलनाचं आणि ध्वनीचं, अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. काप कुठे घ्यावा याच्या सहा कसोट्या त्यांनी सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला टक्के दिले आहेत. त्यात जागेचं सातत्य, म्हणजे कोण कुठे उभं आहे ते जुळणं, याला सगळ्यात कमी, ४ टक्के आहेत. भावनेला एकटीला ५१. नवशिक्याने हे मनात ठेवावं. आजीच्या डोळ्यांत एक क्षण चमक आली आणि त्या चौकटीत मागे उघडा डबा दिसतोय, तर डबा दिसू द्या.

निवडण्यासाठी किबोर्ड वापरा, माऊसने फार वेळ जातो. जे, के आणि एल या तीन कळा जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मागे, थांब आणि पुढे यासाठी असतात. आय दाबलं की तुकड्याची सुरुवात, ओ दाबलं की शेवट. शॉटकटमध्ये ए दाबलं की तो तुकडा टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने जोडले जातात त्या पट्टीवर, शेवटी जाऊन बसतो, एस दाबलं की उभा काप बसतो, आणि एक्स दाबलं की तुकडा जातो आणि मागचं सगळं पुढे सरकून जागा भरते. एवढ्या कळांवर पहिली फिल्म होते. बाकीचे मेनू नंतर.

काप

आपल्या सिनेमाची सुरुवातच वेळ आटवण्याच्या प्रयोगातून झाली असं म्हणता येईल. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं टिपत रोप वाढताना एका मिनिटाच्या आसपास दाखवलं. पैसे घालणाऱ्यांना पटवण्यासाठी ती छोटी फिल्म कामाला आली. तुमच्या फिल्ममध्ये मोदकपात्रावर झाकण पडतं आणि पंधरा मिनिटांनी उघडतं. झाकणाखालून वाफ निसटतानाचे तीन सेकंद आणि मग झाकण उचलणं, एवढं पुरतं. बघणाऱ्याचं मन मधली पंधरा मिनिटं आपसूक भरून घेतं.

हाताच्या कामात एक देणगी असते, तिचा भरपूर उपयोग करा: तीच कृती पुन्हा पुन्हा होते. नैवेद्याचे २१ मोदक म्हणजे पारी २१ वेळा, कळ्या २१ वेळा. एकच फोन असला तरी तुमच्याकडे आपोआप अनेक कोन जमा होतात. तिसऱ्या मोदकाच्या वेळी नातीने लांबून टिपलंय, नवव्याच्या वेळी ती जवळ गेली आहे. फिल्ममध्ये हे दोन्ही मिळून एकच मोदक होऊ शकतो.

हा काप जवळून बघू. लांबच्या चित्रात आजी तेलपाण्यात बोटं बुडवते, उकडीचा गोळा उचलते, तळहातावर घेते आणि अंगठा मधोमध टेकवते. अंगठा टेकला त्या चौकटीवर थांबा आणि एस दाबा. आता नवव्या मोदकाच्या जवळच्या चित्रात जा, अंगठा टेकून खाली दबायला लागलेला क्षण शोधा आणि तिथून पुढचा तुकडा जोडा. म्हणजे दाबणं सुरू होतं लांबच्या चित्रात आणि पुरं होतं जवळच्यात. डोळा हालचालीच्या मागे धावत असतो, त्याला काप दिसतच नाही. हेच तुम्ही हालचाल संपल्यावर, हात स्थिर असताना कापलंत तर सरळ धक्का बसतो. नीट बसत नसेल तर काप दोनतीन चौकटी पुढेमागे सरकवून बघा. एक चौकट म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, पण जमलेला काप आणि फसलेला काप यांत फरक तेवढाच असतो.

जोडण्यापूर्वी तीन ठिकाणी नजर टाका: सारणाच्या पातेल्यातलं सारण किती उरलंय, आजीच्या बांगड्या मनगटावर आहेत की वर सरकवल्यात, आणि हाताला पीठ लागलंय का. यातलं काही फारच वेगळं दिसलं तर चवथा किंवा दहावा मोदक निवडा. निवडीला तोटा नाही.

मामाच्या फोनमध्ये ४के चित्रण असेल तर आणखी सोय. ४के चित्र फुल एचडीच्या लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट असतं. फिल्म फुल एचडीची असल्यामुळे त्या चित्राचा पाव भाग कापून मोठा केला तरी स्पष्टपणा जात नाही. लांबून घेतलेल्या एकाच चित्रातून आजीचा चेहरा वेगळा काढता येतो.

एका चित्रापुढे दुसरं ठेवलं की पहिल्याचा अर्थ बदलतो, हे लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या ताटलीनंतर भुकेला वाटला आणि शवपेटीनंतर दुःखी. घरच्या फिल्ममध्ये या शक्तीशी जपून वागावं लागतं. आजी दमून क्षणभर भिंतीला टेकली आणि त्यापुढे तुम्ही सोफ्यावर फोन बघत बसलेल्या काकांचं चित्र जोडलंत, तर तुम्ही काकांवर आरोप केलात. त्या वेळी ते कदाचित बाजारातून दूर्वा घेऊन नुकतेच बसले असतील. खऱ्या माणसांच्या फिल्ममध्ये घडलं नाही ते घडल्यासारखं दाखवू नये.

आवाज

आजीचं बोलणं कधीच सलग नसतं. ती सांगत असते, मधेच कुणाला हाक मारते, विसरते, परत मुद्द्यावर येते. तिचं सगळं ठेवलं तर फिल्म लांबते. वाक्यं कापून जोडली तर चित्रात तिचं डोकं टुणकन उडी मारतं. यावर उपाय: आवाज जोडा आणि त्या जागी चित्र हातांचं दाखवा.

समजा, आजी म्हणते आहे, ‘पाण्याला खळखळून उकळी येऊ दे, मग पिठी घाल. आधी घातलीस तर गुठळ्या होतात. नि घातल्यावर लगेच झाकण टाक, एक वाफ येऊ दे.’ ‘उकळी येऊ दे’ म्हणेपर्यंत तिचा चेहरा राहू द्या. तिथे चित्र कापून मामाच्या फोनमधलं पातेलं आणा, आवाज मात्र आजीचाच चालू ठेवा. पिठी पडताना, उलथन्याच्या दांड्याने ढवळलं जाताना तिचं बोलणं ऐकू येत राहतं. मूळ बोलण्यात ‘गुठळ्या होतात’ नंतर तिने दूधवाल्याला दिलेलं उत्तर होतं, ते आवाजाच्या खालच्या पट्टीवरून तुम्ही काढून टाकलंय आणि वर पातेलं दिसत असल्याने कुणाला पत्ता नाही. ‘झाकण टाक’ला झाकण पडतं. चेहऱ्यावर परत या ते ‘एक वाफ येऊ दे’ म्हणून झाल्यावर, ती गप्प राहून बघत असते त्या क्षणी. चित्र बदललं तरी आवाज मागचाच चालू, याला संकलक एल-कट म्हणतात. पुढच्या चित्राचा आवाज आधी सुरू केला तर जे-कट. या दोन कापांनी घरच्या चित्रणाचं जितकं भलं होतं तितकं दुसऱ्या कुठल्याही करामतीने होत नाही.

पण प्रत्येक श्वास, प्रत्येक ‘अगं’ आणि ‘काय ते’ काढून टाकू नका. दूधवाला जाऊ दे, ‘अगं’ राहू दे. बोलण्यातल्या थांब्यांना छाटून सलग केलेली आजी ही बातम्या वाचणारी कुणीतरी वाटायला लागते.

चित्रणाच्या वेळीच आवाज चांगला मिळवण्यासाठी घरातला दुसरा फोन रेकॉर्डर करून आजीजवळ, मिसळणाच्या डब्यामागे ठेवा. दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संगणकावर आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच सुळका दोन्ही पट्ट्यांवर उठून दिसतो; सुळक्यावर सुळका बसवला की ओठ आणि शब्द जुळले. मग कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज बंद करा किंवा अगदी मंद ठेवा. काम संपल्यावर त्याच स्वयंपाकघरात कुणी न बोलता अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करून घ्या. फ्रिजची घरघर, बाहेरची पाखरं, लांबची आरती. बोलण्यातला तुकडा काढला की तिथे ठार शांतता पडते आणि कानाला खटकते. हा अर्धा मिनिट अशा जागा भरायला वापरतात.

संगणकावर करायचं थोडंच असतं. आवाजाच्या मापकावर बोलणं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास पोचू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर सांधता येत नाही. पंख्याची गुरगुर खालच्या पट्टीतली असते. ‘हाय पास’ फिल्टर ८० ते १०० हर्ट्झवर लावला की आजीच्या आवाजाला न दुखवता ती बरीच कमी होते. जिथे आवाज कापलाय तिथे दोनतीन चौकटींचा चढ-उतार द्या, नाहीतर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

संगीत हवंच असेल तर सुरुवातीच्या पाटीला आणि शेवटी घ्या, आणि आजी बोलायला लागली की ते पूर्ण मिटवा. सिनेमातलं गाणं लावून फिल्म यूट्यूबवर टाकली तर २००७ पासून चालू असलेली त्यांची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि कधी फिल्म अडवली जाते. घरातलं कुणी पेटी वाजवत असेल तर त्यालाच वाजवायला सांगा.

अक्षरं

देवनागरी पाट्यांचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘मोदकांची निवड’ लिहिलं की ‘नि’ची वेलांटी न नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं ओळीने उभी राहतात. कारण असं की देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, ती एकमेकांत बसवावी लागतात, आणि हे काम करणारा भाग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसतो. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये ही अडचण सहसा येत नाही. दुसरीकडे आली तर इंकस्केपमध्ये पाटी बनवा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल म्हणून जतन करा आणि ती व्हिडिओच्या वरच्या पट्टीवर ठेवा. फॉन्ट युनिकोडच हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फुकट आहे आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. पाट्या मोजक्याच असाव्यात. पिठीचं आणि पाण्याचं प्रमाण मात्र जरूर लिहा, कारण आजी ते ‘अंदाजाने’ म्हणते आणि फिल्म बघून मोदक करणाऱ्याला वाटीचं माप लागतं. तिच्या हातची वाटी एकदा मोजून घ्या.

परदेशात वाढलेल्या नातवंडांना मराठी कळतं पण भराभर बोललेलं निसटतं, अशी घरं आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी उपशीर्षकांची वेगळी एसआरटी फाइल करता येते. ती साधी मजकुराची फाइल असते: क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, आणि खाली वाक्य. नोटपॅडमध्येही लिहिता येते. मराठी उपशीर्षकं देणार असाल तर जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन उमटतात.

फिल्म तयार झाल्यावर

बाहेर काढताना एच.२६४, फुल एचडी, सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास ठेवा. सहा मिनिटांची फिल्म साधारण ३६० एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच, किंवा यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा द्या. पहिली प्रत मात्र कुणालाही पाठवण्याआधी आजीला दाखवा. ‘इथे मीठ घातलं ते दाखवलंच नाहीस’ असं ती म्हणाली तर ते चित्र शोधून घाला. एखादं बोलणं बाहेर जायला नको असं तिला वाटलं तर ते काढा. फिल्म तिची आहे.

या निमित्ताने माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटही खाली काढा. त्यांत आजीचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज असू शकतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रं वर्षागणिक कमी होत आहेत. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नका, फीतही बिघडते आणि यंत्राचं हेडही बरबटतं. ती साफ करून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. संगणकावर उतरवलेल्या अशा चित्रात हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतील. जुनं टीव्ही चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटींनी बनत असे, त्याच्या त्या खुणा आहेत. ‘डीइंटरलेस’चा पर्याय निवडला की त्या जातात.

शेवटी साठवण. फिल्म झाली म्हणून मूळ पन्नास मिनिटं पुसून टाकू नका. सहा मिनिटांत न बसलेलं बरंच काही त्यांत आहे, दूधवाल्याशी झालेलं बोलणंसुद्धा. पूर्ण फोल्डर, प्रोजेक्ट फाइलसकट, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. एक घरी ठेवा आणि दुसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्या. वर्षातून एकदा दोन्ही जोडून क्लिप्स उघडतात का ते बघा. डिस्कच्या डब्यावर, आत काय आहे, कोणत्या वर्षीचं आहे आणि कोणाचा आवाज आहे, ते पेनाने लिहून ठेवा.